सलग अल्बम स्टुडिओत जोडून होत नाही

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे उत्तर नीट समजेल. चौघांचा बँड आहे, आठ मराठी गाणी तयार आहेत. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा १९७३ चा अल्बम ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ऐकल्यापासून आपलाही अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एका दमात ऐकला जावा असं तुम्हाला वाटतंय. तर गाण्यांच्या मधल्या जागांत आवाज टाकून, क्रॉसफेड करून (एक गाणं विरत असताना दुसरं चढवून) ते साधेल का? की आधी एक गोष्ट लिहून गाणी तिच्यात बसवावी लागतील? आणि पिंक फ्लॉइडच्या चौघांनी हे नेमकं कसं केलं?

क्रॉसफेड हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम आहे. कुठलीही दोन गाणी अर्ध्या तासात एकमेकांत मिसळून देता येतात. खरा प्रश्न असा, की आठही गाणी एकाच जागेतून आली आहेत हे ऐकणाऱ्याला कशामुळे जाणवतं? ते जाणवत नसेल तर मधले पावसाचे आणि रेल्वेचे आवाज निव्वळ सजावट वाटतात, आणि दुसऱ्यांदा ऐकताना माणूस ते पुढे ढकलतो. मी बरीच वर्षं बँडचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो, आणि हा अल्बम माझ्यासाठी आजही रेकॉर्डिंगचा सगळ्यात चांगला धडा आहे. त्यातून मी काय शिकलो तेच सांगतो.

गोष्टीचा मुद्दा आधी संपवू. कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, म्हटलं की लोकांना ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा १९६९ चा ‘टॉमी’ आठवतो. त्यात एक मुलगा आहे, त्याच्या आयुष्यात घटना घडतात, गाणी त्या घटना सांगतात. पिंक फ्लॉइडनीही पुढे १९७९ मध्ये ‘द वॉल’ त्या वाटेने केला. पण ‘डार्क साइड’मध्ये गोष्ट नाही. नायक नाही, घटना नाहीत. तिथे एक विषय आहे आणि तो अगदी साध्या शब्दांत सांगता येतो: माणसाला वेडाच्या कडेला नेणाऱ्या गोष्टी कोणत्या? १९७१ च्या अखेरीस लंडनच्या कॅमडन भागात बँडचा ड्रमवादक निक मेसनच्या घरी चौघं बसले होते. नव्या दौऱ्यासाठी नवं काहीतरी हवं होतं. तिथे बेसवादक रॉजर वॉटर्सने हा विषय मांडला आणि बाकीच्यांना तो पटला. हातातून निसटणारा वेळ, सततचा प्रवास, पैसा, युद्ध, मृत्यूची भीती, आणि शेवटी डोक्यावरचा ताबाच सुटणं. या शेवटच्या गोष्टीमागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. बँडचा पहिला मुख्य गीतकार आणि गायक सिड बॅरेट मानसिक आजारात हरवत गेला आणि १९६८ मध्ये बँडबाहेर पडला. ते चौघांनी जवळून पाहिलं होतं.

म्हणून पहिला सल्ला. गोष्ट लिहू नका, एक वाक्य लिहा. चौघांपैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारलं, “आपला अल्बम कशाबद्दल आहे?” तर तेच वाक्य यायला हवं. तुमच्या प्रश्नात तुम्ही आठ गाण्यांची नावं दिलीत, पण तो विषय कुठेच लिहिला नाहीत. माझ्या मते तुमची अडचण क्रॉसफेडच्या खूप आधी तिथेच सुरू होते. त्या अल्बमचे सगळे शब्द एकट्या वॉटर्सने लिहिले, बँडच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं, आणि त्याने ठरवून सरळ, कुणालाही कळेल अशी भाषा वापरली. चौघं मिळून शब्द लिहीत असाल तर चालेल, पण मग शेवटचा हात एकाचाच फिरू द्या. आठ गाण्यांत चार वेगवेगळी माणसं बोलायला लागली की विषय एक असूनही सूर विस्कटतो.

आता मुख्य भाग, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा अल्बम स्टुडिओत जन्मला असं बहुतेकांना वाटतं, कारण त्याचा आवाज तसा आहे. तो रंगमंचावर घडला. जानेवारी १९७२ मध्ये तालमी झाल्या, काही डेका कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओत आणि काही दक्षिण लंडनमध्ये बर्मंडसीला, रोलिंग स्टोन्सच्या मालकीच्या एका गोदामात. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटन डोममध्ये हे सगळं सलग वाजवण्याचा पहिला प्रयत्न झाला, आणि तांत्रिक बिघाडामुळे तो ‘मनी’ या गाण्यापाशी थांबवावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर पूर्ण सादर झाला. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं ते मे महिना संपता संपता. अल्बम दुकानात आला मार्च १९७३ मध्ये. म्हणजे प्रकाशनाच्या वर्षभर आधीपासून, रेकॉर्डिंग चालू असतानाही, ते हा अखंड तुकडा इंग्लंडमध्ये, युरोपात, जपानमध्ये आणि अमेरिकेत लोकांसमोर वाजवत होते.

या वर्षभरात काय झालं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

सुरुवातीला त्यांच्याकडे शेवटच नव्हता. ‘ब्रेन डॅमेज’ हे गाणं झालं की सगळं विरून जायचं. काही कार्यक्रम झाल्यावर हे वॉटर्सला खटकलं आणि दौऱ्यातच त्याने ‘इक्लिप्स’ लिहिलं. आज तो शेवट इतका अटळ वाटतो की तो आधी नव्हता यावर विश्वास बसत नाही. पण तो टेबलावर बसून सुचलेला नाही. एखादा तुकडा समोरच्या माणसांपुढे पुन्हा पुन्हा संपवून बघितल्याशिवाय, त्याला शेवट मिळालेला नाही हे कळत नाही.

दुसरं उदाहरण ‘ऑन द रन’. त्या जागी आधी गिटार आणि कीबोर्डवरची एक मोकळी धावपळ होती, तिला ते प्रवासाचा भाग म्हणायचे. जागा बरोबर होती: आधीच्या ‘ब्रीद’ या गाण्याच्या संथपणानंतर तिथे धाप लागायलाच हवी. पण वाजवलेलं तितकं बोचत नव्हतं. स्टुडिओत लंडनच्याच ईएमएस कंपनीचा सिंथी एकेएस हा छोटा सिंथेसायझर आला, त्याच्या झाकणातल्या कीबोर्डमध्ये सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांची ओळ साठवून आपोआप वाजवणारं यंत्र, होता. त्यावर आठ स्वरांची एक ओळ टाकली, तिचा वेग प्रचंड वाढवला, आणि जुना तुकडा काढून ही यंत्राची धाव तिथे बसवली. वर धावणाऱ्या पावलांचा आवाज आला.

तिसरं, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. कीबोर्डवादक रिचर्ड राइटची ती रचना १९७२ च्या कार्यक्रमांत ऑर्गनवर वाजायची आणि वर बायबलमधल्या उताऱ्यांच्या टेप चालायच्या. विषय तेव्हाही मृत्यूच होता. पुढे ऑर्गन गेला आणि पियानो आला, टेप गेल्या. जानेवारी १९७३ मध्ये, काम जवळजवळ संपलेलं असताना, एका रविवारी क्लेअर टॉरी नावाच्या पंचविशीतल्या सेशन गायिकेला, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगसाठी ठरावीक पैशांत गाणाऱ्या गायिकेला, बोलावलं. शब्द नव्हते, चाल लिहिलेली नव्हती. तिने स्वतःला एक वाद्य समजून गायचं ठरवलं. मोजकेच टेक झाले, त्यातले भाग जोडून आजचं गाणं तयार झालं. रविवारचा दर म्हणून तिला ३० पौंड मिळाले. आपण गायलेलं वापरलं जाईल असं तिला वाटलंही नव्हतं. अनेक वर्षांनी, २००४ मध्ये, तिने रचनेतल्या वाट्यासाठी दावा केला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन राइटच्या बरोबरीने तिचं नाव लागलं. हे मुद्दाम सांगतोय. तुमच्या अल्बमवर कुणी पाहुणा येऊन स्वतःच्या मनाने काही गायला किंवा वाजवलं, तर त्याचा वाटा रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर ठरवा. तो वाटा त्याचा हक्क असतो.

या तिन्हींत एक समान गोष्ट दिसते. जागा आधी ठरली होती, वाजवून पक्की झाली होती, आणि तिच्या आतला ऐवज शेवटपर्यंत बदलू शकत होता. बहुतेक बँड हे उलट करतात. गाणी अगदी पक्की, त्यांच्या मधली जागा मात्र कुणी कधी वाजवलेलीच नाही.

माझ्याकडे असा बँड आला की पहिल्या दिवशी मी रेकॉर्डिंगचा विचारच करत नाही. सगळे एका खोलीत बसा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवा, गाण्यांच्या मधलंसुद्धा, एवढंच सांगतो. कोपऱ्यात एक साधा रेकॉर्डर चालू ठेवतो. चूक झाली तरी थांबायचं नाही. त्या एका फेरीत बहुतेक गोष्टी उघड होतात. सलग तीन गाण्यांची लय सारखीच आहे आणि चौथ्यापर्यंत आपणच कंटाळलो, गायकाला श्वास घ्यायला कुठे जागाच नाही, गिटारवाल्याला दोन गाण्यांत ट्यूनिंग बदलावं लागतं आणि म्हणूनच तिथे लांब शांतता पडते. ती ट्यूनिंगची अडचण कधीकधी वरदान ठरते: त्या वेळात कीबोर्डवाल्याला काहीतरी वाजवत राहावं लागतं, आणि तोच पुढे अल्बममधला जोड होतो. माणसं एकमेकांची वाट बघताना जे वाजवतात ते माउसने ओढलेल्या फेडपेक्षा नेहमी जिवंत असतं.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, ते मान्य करतो. तुम्हाला चाळीस मिनिटं स्वतःचीच गाणी वाजवू देणारा रंगमंच मिळेल की नाही, हे मला माहीत नाही. आपल्याकडे ते सोपं नाही. तसं असेल तर मित्रांना तालमीच्या खोलीत बोलवा. दहा माणसं पुरतात, पण ती बँडबाहेरची हवीत आणि त्यांना मध्ये काही समजावून सांगायचं नाही. ती कुठे फोन बघायला लागतात एवढं टिपा. तुमच्यातले दोघं वेगळ्या शहरात असतील आणि फाइली पाठवूनच काम होत असेल, तर ही वाट अर्धीच चालता येईल. निदान डेमो क्रमाने लावून एक सलग फाइल करा आणि सगळ्यांनी तीच ऐकायची, सुटी गाणी नाहीत, असा नियम ठेवा.

तुमची आठ गाणी आधीच तयार आहेत याने घाबरून जाऊ नका. ‘डार्क साइड’मधला किती माल जुना होता ते ऐकाल तर धीर येईल. ‘अस अँड देम’ची चाल राइटने इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनीच्या ‘झब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी केली होती आणि ती नाकारली गेली होती. ‘ब्रेन डॅमेज’चा जन्म आधीच्या ‘मेडल’ अल्बमच्या दिवसांतला. ‘ब्रीद’ची सुरुवातीची ओळही वॉटर्सने आधी एका माहितीपटाच्या संगीतात वापरलेली होती. जुनं सामान नव्या विषयाखाली आलं की त्याचा अर्थ बदलतो. ‘अस अँड देम’ एकटं ऐकलं तर एक सुंदर संथ गाणं आहे. पैशाच्या गाण्यानंतर लगेच ऐकलं की ते सत्ता आणि युद्धाबद्दलचं होऊन जातं. तेव्हा नवी गाणी लिहिण्याआधी आहेत त्यांचा क्रम तीन-चार प्रकारे लावून वाजवा. एखादं गाणं विषयात बसत नसेल तर ते कितीही आवडतं असो, बाजूला ठेवा.

आता एकसंधपणाच्या संगीताकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, त्यामुळे थोडा रेंगाळतो. कीर्तनात बुवा कुठल्या कुठे जाऊन येतात, पण ध्रुवपदावर परतले की ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. या अल्बमचं ध्रुवपद ‘ब्रीद’ आहे. ई मायनर आणि ए यांच्यात झुलणाऱ्या दोन कॉर्ड, संथ लय. ते गाणं एकदा पूर्ण येतं. मग ‘ऑन द रन’ची धावपळ, मग ‘टाइम’, आणि ‘टाइम’ संपता संपता ‘ब्रीद’ पुन्हा येतं, नव्या शब्दांसह. दमून घरी परतल्यासारखं वाटतं ते या परतीमुळे. पुढे दुसऱ्या बाजूला ‘एनी कलर यू लाइक’ हा शब्दांशिवायचा तुकडा आहे. नीट ऐका: तीच कॉर्डची चाल आहे, फक्त एक स्वर खाली सरकवलेली. बहुतेकांना हे कळत नाही, पण कानाला ओळख पटलेली असते. ‘ब्रीद’मध्ये परत ई मायनरवर येताना राइटने एक अस्वस्थ कॉर्ड ठेवली आहे, ती जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बममधून आपल्याला मिळाली असं त्याने स्वतः सांगितलं आहे. कुठून घेतलं यापेक्षा ते कुठे बसवलं हे मला महत्त्वाचं वाटतं. परतीच्या उंबरठ्यावर ती कॉर्ड आहे, त्यामुळे परतणं निवांत असूनही पूर्ण सुखाचं होत नाही.

तुमच्या आठ गाण्यांत अशी एक गोष्ट शोधा. दोन कॉर्ड, चार स्वरांची ओळ, एखादा ताल. ती निदान तीनदा यायला हवी, आणि तिसऱ्यांदा ती लपून आली तर फार चांगलं. त्याचबरोबर एका कागदावर प्रत्येक गाण्याची पट्टी आणि लय लिहा. शेजारच्या दोन गाण्यांच्या पट्ट्या जवळच्या असतील तर जोड अलगद होतो. दूरच्या असतील तर मध्ये सूर नसलेलं काहीतरी लागतं: पावलं, स्फोट, बोलणं, घड्याळं. ‘ऑन द रन’ स्फोटात संपतं आणि तिथून घड्याळांच्या टिकटिकीत आपण जातो. स्फोटाला पट्टी नसते, म्हणून त्यानंतर कुठल्याही पट्टीत सुरुवात करता येते.

आवाजांबद्दल तुम्ही विचारलंत. ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं इंजिनीअर अॅलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात रेकॉर्ड केली होती, प्रत्येक घड्याळ वेगळं, आणि तीही या गाण्यासाठी नाही, चार स्पीकरच्या क्वाड्रफोनिक पद्धतीचं प्रात्यक्षिक दाखवायला. गाणं आलं तेव्हा त्याने ती सुचवली. एवढ्या गजरानंतर लगेच गाणं सुरू झालं असतं तर दोन्हींची माती झाली असती. तिथे मेसनने रोटोटॉमवर (सूर लावता येणारे उथळ ड्रम) लांब, मोकळी सुरुवात वाजवली आणि गजराचा धक्का ओसरायला वेळ दिला.

‘मनी’चं उदाहरण याहून उपयोगी आहे, कारण तिथला आवाज सजावट नाही, तोच ताल आहे. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज, सात मात्रांना एकेक. नाण्यांचा आवाज वॉटर्सने आपल्या बायकोच्या मातीकामासाठीच्या एका मोठ्या भांड्यात नाणी टाकून मिळवला होता. टेप मोजून कापायची, तुकडे चिकटवायचे आणि टोकं जोडून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारं कडं, करायचं. हिशोब करून बघा: टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि लय मिनिटाला १२० मात्रा धरली, तर एका मात्रेला साडेसात इंच टेप लागते आणि सातांना साडेबावन्न इंच. लय म्हणजे अक्षरशः फूटपट्टीने मोजलेली लांबी. बँडने त्या लूपवर वाजवायला सुरुवात केली, मग लूप हळूहळू मागे गेलं आणि पुढची लय माणसांची झाली. रूपक ताल ऐकलेल्या आपल्या कानाला सात मात्रा परक्या नाहीत, त्यामुळे मराठी बँडला हे गाणं अवघड वाटत नाही, पण डेव्हिड गिलमरच्या गिटार सोलोसाठी ते चार मात्रांवर येतात तेव्हा काय सुटका होते ती मुद्दाम ऐका. तुमच्याकडे रिक्षाचा मीटर, लोकलची घोषणा असलं काही घ्यायचं मनात असेल तर स्वतःला एकच विचारा: हा आवाज तालात किंवा सुरात काही काम करतोय का? करत नसेल तर बहुधा तो नकोच.

माणसांच्या बोलण्याचा वापर मात्र मला या अल्बमचा सगळ्यात मोठा शोध वाटतो. काम संपत आलं होतं तेव्हा वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले. साध्यापासून सुरुवात, मग: तुम्ही शेवटचे हिंसक कधी झालात? तेव्हा तुमचं बरोबर होतं का? मृत्यूची भीती वाटते का? अॅबी रोडवर जो सापडेल त्याला मायक्रोफोनसमोर बसवून एकेक कार्ड वाचायला आणि उत्तर द्यायला सांगितलं. बँडचे मदतनीस, इतर वादक, इमारतीचा दरवान जेरी ओड्रिस्कोल. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी तिथेच काम करत होते, त्यांनीही उत्तरं दिली. ती वापरली नाहीत, कारण ते बोलताना सादरीकरण करत होते. दरवान मात्र जसा होता तसाच बोलला. मरणाला आपण घाबरत नाही हे त्याचं बोलणं ‘ग्रेट गिग’मध्ये आहे. अल्बमच्या अगदी शेवटी, संगीत थांबल्यावर, चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, तो सगळाच काळा असतो, हेही तोच म्हणतो. आणि ‘मनी’ विरताना जी माणसं ‘माझंच बरोबर होतं’ म्हणतात, ती हिंसेबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देत असतात. पुढचं गाणं युद्धाचं आहे. हा जोड अर्थाने झालेला आहे, म्हणून तो पन्नास वर्षांनंतरही शिळा होत नाही.

हे तुम्ही उद्या करू शकता, पैसे लागत नाहीत. तुमच्या विषयाच्या एका वाक्यातून पाच प्रश्न काढा आणि ओळखीच्या माणसांना विचारा. नट नकोत, निवेदक नकोत. वापरण्याची परवानगी मात्र लेखी घ्या.

सगळ्यात पहिला तुकडा सगळ्यात शेवटी करा. ‘स्पीक टू मी’मध्ये हृदयाचे ठोके, घड्याळं, गल्ला, हसणं, किंचाळी, असं पुढच्या सगळ्या अल्बमचं सामान मिनिटभरात येतं. ते ठोके बेस ड्रमवर तयार केलेले आहेत. शेवटी उलट्या चालवलेल्या पियानोच्या कॉर्डची लाट चढते आणि ‘ब्रीद’ उघडतं. बाकी सगळं झाल्याशिवाय असं प्रास्ताविक बांधता येत नाही. सुरुवातच जमत नाही म्हणून महिनोन् महिने अडकलेले बँड मी पाहिले आहेत. त्यांनी ती सोडून पुढे जायला हवं होतं.

मिक्सबद्दल थोडक्यात. त्यांच्याकडे १६ ट्रॅक होते, म्हणजे एका टेपवर १६ आवाज वेगवेगळे नोंदवायची सोय. ते भरले की काही ट्रॅक एकत्र मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि जागा करून घ्यायची. एकदा मिसळलं की परत नाही. तुमच्या संगणकावर सगळं शेवटपर्यंत उघडं राहतं, आणि त्यामुळे निर्णय होत नाहीत. मी बँडला सांगतो की ड्रमचा आणि मुख्य गिटारचा आवाज रेकॉर्ड करतानाच ठरवा, प्रक्रिया करून ऑडिओ पक्का करा आणि मूळ फाइली बाजूला ठेवून द्या. दुसरं, मिक्सच्या वेळी त्यांच्यातही मतभेद झाले. वॉटर्स आणि मेसन यांना कोरडा, स्वच्छ आवाज आणि बोलणं पुढे हवं होतं. गिलमर आणि राइट यांना प्रतिध्वनी असलेलं, मऊ काही हवं होतं. मग क्रिस टॉमस हा बाहेरचा माणूस शेवटच्या टप्प्याला कान म्हणून आणला. तुमच्या चौघांतही असं होणारच. बाहेरचा एक माणूस आधीच ठरवून ठेवा आणि त्याचा शब्द शेवटचा माना.

लांबीचाही विचार करा. तो अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा आहे, कारण एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त कोंबलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज, विशेषतः खर्ज, पडतो. त्या मर्यादेचाही त्यांनी उपयोग केला. पहिली बाजू मृत्यूवर विरते, ऐकणारा उठून तबकडी उलटी करतो, आणि गल्ला खणखणतो. तुमच्याकडे ती सक्ती नाही, तरी मध्ये एक खरी शांतता ठेवा. चाळीस मिनिटं अखंड आवाज ऐकवणं म्हणजे सलगपणा नव्हे.

शेवटी जोडांची तांत्रिक बाजू, जी तुम्ही सर्वांत आधी विचारली होती. पूर्ण अल्बम एकाच सेशनमध्ये, एकाच सलग फाइलसारखा मास्टर करा (म्हणजे त्याचा अंतिम आवाज पक्का करा) आणि मग कापा. सुटी गाणी मास्टर करून जोडाल तर जोडावर लिमिटरचा (आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या साधनाचा) झटका ऐकू येतो. कापायची खूण पुढच्या गाण्याच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी ठेवा, म्हणजे मिसळलेला भाग आधीच्या गाण्याच्या शेपटीत राहतो आणि पुढचं गाणं कुणी एकटं लावलं तरी स्वच्छ सुरू होतं. वितरकाला वेव्ह फाइली द्या. एमपीथ्रीच्या टोकांना बारीक शांतता चिकटते आणि जोड तुटतो. सीडी काढणार असाल तर कट सेकंदाच्या ७५ व्या भागाच्या पटीतच हवा, नाहीतर तिथेही टिचकी येते. आणि काही स्ट्रीमिंग सेवा पूर्ण अल्बम लावला तर सगळ्या गाण्यांना आवाजाची एकच पातळी लावतात, पण सुटं गाणं लावलं की वेगळी. त्यामुळे तुमचं सगळ्यात शांत गाणं एकटं वाजताना कसं वाटतं तेही तपासा.

आठही गाण्यांच्या पट्ट्या, लय आणि सध्याचा क्रम इथे लिहा, आणि ते एक वाक्यही. मग कुठला जोड आपोआप बसेल आणि कुठे काही बांधावं लागेल ते नेमकं सांगता येईल.